पाणी नितळ, पण गाळाचे काय?

मिरामार वा बायणा येथील पाणी स्नानास योग्य आहे की नाही, हे ठरवताना मुख्यतः त्यातील जिवाणू, प्राणवायू, सामू आणि गढूळपणा तपासला जातो. शिसे, कॅडमियम, पारा, क्रोमियम, तांबे यांसारखे जड धातू मात्र पाण्यात फार काळ तरंगत राहत नाहीत. सूक्ष्म कणांना चिकटून ते तळाशी बसतात. म्हणूनच शहरालगतच्या किनाऱ्याचे खरे आरोग्य जाणून घ्यायचे, तर पाण्याबरोबर गाळही तपासावा लागतो.

सेंद्रिय कचरा कालांतराने कुजतो. धातूचे विघटन होत नाही. तो केवळ जागा आणि रूप बदलतो. लाटांनी सतत घुसळल्या जाणाऱ्या भरड वाळूत धातू कमी टिकतात. खाडीमुखाशी गोडे व खारे पाणी एकत्र आले, की मातीचे बारीक कण गुठळ्या होऊन खाली बसतात आणि त्यांच्यासोबत धातूही. पांढरीशुभ्र पुळण निर्दोष दिसते, तेव्हा जवळच्याच खारफुटीतील चिखल धातूंचे ओझे वाहत असू शकतो.

गोव्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. जांभ्या दगडाच्या या भूमीत लोह मुळातच विपुल आहे. किनाऱ्यावर दिसणारे काळ्या वाळूचे पट्टेही बहुधा इल्मेनाइट, मॅग्नेटाइट या नैसर्गिक खनिजांचे असतात. ते प्रदूषण नव्हे. दुसरीकडे, खनिजाची बार्जवाहतूक मांडवी व जुवारीतून मुरगाव बंदरापर्यंत अनेक दशके चालली. खाणींवरील माती पावसाळ्यात नद्यांत उतरली. शहरांचे सांडपाणी, रस्त्यांवरून वाहून येणारे पाणी आणि जहाजदुरुस्तीतील रंगाचे खवले यांची त्यात भर पडते. जहाजांच्या तळाला लावल्या जाणाऱ्या कथिलयुक्त रंगांमुळे सागरी गोगलगायींच्या माद्यांमध्ये नराची लक्षणे उद्भवत असल्याचे जगभर आढळले. २००८ मध्ये या रंगांवरील आंतरराष्ट्रीय बंदी अमलात आली. परंतु जुन्या गाळातील अंश बंदीने नाहीसे होत नाहीत.

निसर्गाचा वाटा किती आणि माणसाचा किती, हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ धातूंचे ॲल्युमिनियमशी असलेले प्रमाण तपासतात, कारण ॲल्युमिनियम प्रामुख्याने मातीतूनच येते. नळीने काढलेल्या उभ्या नमुन्यातील थरांचे वय शिशाच्या किरणोत्सारी समस्थानिकावरून ठरवता येते. मग खालच्या, जुन्या थरांशी वरच्या थरांची तुलना करता येते.

प्राणवायूविरहित चिखलात अनेक धातू गंधकाशी संयोग पावून जखडले जातात. असा गाळ उपसला, की त्याला प्राणवायू मिळतो आणि धातू पुन्हा मोकळे होऊ शकतात. तिसऱ्या, शिनाणे, कालवे हे जीव पाणी गाळून अन्न मिळवतात. त्या ओघात धातू त्यांच्या मांसात साठतात आणि तेथून ताटापर्यंत पोहोचू शकतात.

जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने १९३२ पासून पारायुक्त सांडपाणी समुद्रात सोडले. १९५६ मध्ये तेथील आजाराची अधिकृत नोंद झाली आणि १९६८ मध्ये हे सांडपाणी थांबले. पारा मात्र तळाशी राहिला. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळाची विल्हेवाट लावावी लागली आणि त्यातून सुमारे ५८ हेक्टर भरावभूमी उभी राहिली. गोव्याची स्थिती तशी आहे, असे याचा अर्थ नाही. सांडपाणी बंद केल्याने गाळ आपोआप शुद्ध होत नाही, एवढा धडा मात्र त्यातून मिळतो.

त्यामुळे बंदरात वा नदीमुखाशी गाळ उपसण्यापूर्वी त्यातील धातूंची तपासणी, उपसलेला गाळ टाकण्याच्या जागेची काळजीपूर्वक निवड आणि शिंपल्यांची नियमित चाचणी या गोष्टी अपरिहार्य ठरतात. त्यांचे निष्कर्ष किनाऱ्यावर उपजीविका करणाऱ्यांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचणे, हेही तितकेच आवश्यक आहे.