वीज गेली तरी वही मिटता यावी

निफाड तालुक्यात माझ्या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. मी नाशिक शहरात राहतो, नाद इलेक्ट्रॉनिक्सचा. बागेतल्या मोटारीच्या खोलीत मी 'रास्पबेरी पाय' नावाचा छोटा संगणक बसवला. एटीएम कार्डाएवढा एकच बोर्ड. मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावे म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी २०१२ साली तो बाजारात आणला. आमच्याकडे त्याचे काम एकच होते : तापमान, आर्द्रता आणि पान किती तास ओले राहिले याची नोंद ठेवणे. पान बराच वेळ ओले राहिले की डाऊनीच्या बुरशीचे फावते. फवारणी कधी करायची, हे त्या तासांवर ठरते.

२०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पावसाने नाशिकच्या द्राक्षबागांची दाणादाण उडवली. नोंदीची खरी गरज तेव्हाच होती. एका रात्री वीज तीन-चारदा गेली आणि आली. सकाळी भावाचा फोन, "दादा, पान किती तास ओलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मेमरी कार्ड बिघडले होते. नवे कार्ड घातले, तर पुढच्या खेपेला घड्याळ मागे पडलेले. बिचाऱ्याने अंदाजाने फवारणी केली. अंदाजाच्या फवारणीत पैसा जास्त जातो आणि भरवसा कमी मिळतो.

असे का व्हावे? दुकानदार खतावणी लिहीत असताना कोणी वही हिसकावली, तर ओळ अर्धीच राहील आणि पानही फाटेल. लिहिता लिहिता वीज गेली की कार्डाचे तसेच होते. शिवाय आमच्या बोर्डात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. इंटरनेट नसेल, तर तो शेवटची आठवलेली वेळच पुढे मोजू लागतो. म्हणून मी तीन सुधारणा केल्या.

पहिली, पेटी. वायरिंगवाले वापरतात ती पीव्हीसीची पेटी घेतली. पत्र्याच्या बंद डब्यात वाय-फाय अडते. वायरी खालून आत घेतल्या, म्हणजे पाणी ओघळून आत जात नाही. हवेसाठी भोके पाडून त्यांना बारीक जाळी लावली, नाहीतर मुंग्या आणि पाली मुक्कामाला येतात. चिप ८० अंशांपर्यंत तापली की स्वतःच वेग कमी करते, म्हणून पेटी सावलीत ठेवली. तापमापक मात्र पेटीबाहेरच हवा; आत ठेवला तर बागेचे नव्हे, पेटीचे तापमान कळते.

दुसरी, घड्याळ. बटन सेलवर चालणारी घड्याळाची छोटी चकती बोर्डाला जोडली.

तिसरी, बॅटरी. आधी मोबाइलची पॉवर बँक लावून पाहिली. पण वीज जाताच तिचा पुरवठा क्षणभर तुटे आणि बोर्ड पुन्हा सुरू होई. मग संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी घेतली. बारा साते चौऱ्याऐंशी वॉट-तास. बॅटरी टिकावी म्हणून निम्मीच वापरायची, म्हणजे बेचाळीस. आमचे सारे साहित्य सुमारे तीन वॉट खाते. मधली गळती धरता अकरा-बारा तास सहज निघतात. बॅटरीला तिचा चार्जर कायम जोडलेला असतो. तिच्या तारेत फ्यूज घातला, आणि १२ चे ५ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बोर्डाला जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासला.

पण सगळ्यात मोलाची गोष्ट पुढेच आहे. बॅटरीही कधीतरी संपणारच. म्हणून व्होल्टेज मोजणारी एक चिप लावली. ते १२ च्या खाली उतरले की प्रोग्रॅम नोंद पूर्ण करतो आणि संगणक रीतसर बंद करतो. एक उणीव राहिली आहे : वीज परतली तरी तो आपोआप उठत नाही, कारण बॅटरीचे ५ व्होल्ट त्याला मिळतच असतात. भाऊ बटण एकदा बंद करून चालू करतो.

बॅटरी लावायची ती संगणक अखंड चालावा म्हणून, अशी माझी समजूत होती. खरे तर तिचे पहिले काम वही नीट मिटायला वेळ देण्याचे. आता भावाचा फोन आला की मी तास सांगतो. फवारायचे की थांबायचे, ते तो ठरवतो.