विशेष शिक्षणातील पालक-संवाद : माहिती देण्यापासून सहभागापर्यंत

प्रस्तावना :
विशेष गरजा असणाऱ्या बालकाचे शिक्षण वर्गाच्या चार भिंतींत पूर्ण होत नाही. जेवणे, कपडे घालणे, गरज व्यक्त करणे ही कौशल्ये शाळेत शिकविली जातात; परंतु ती दृढ होतात घरी. बौद्धिक अक्षमता असणाऱ्या बालकास एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी वापरणे विशेष कठीण जाते. म्हणूनच शिक्षक व पालक यांच्यातील संवाद हा विशेष शिक्षणाचा मूलभूत घटक ठरतो. प्रस्तुत लेखात या संवादाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :
बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन बालकाची उपस्थिती, अध्ययनक्षमता व प्रगती यांची माहिती त्यांना द्यावयाची आहे. ही तरतूद महत्त्वाची असली, तरी 'माहिती देणे' ही एका दिशेने होणारी क्रिया आहे. अमेरिकेतील १९७५ च्या कायद्याने दिव्यांग बालकाचा वैयक्तिक शैक्षणिक कार्यक्रम ठरविणाऱ्या बैठकीतच पालकांना स्थान दिले. आपल्याकडील विशेष शाळांतही असा कार्यक्रम तयार केला जातो. तथापि तयार कागदावर पालकांची केवळ स्वाक्षरी घेतल्यास सहभागाचा हेतू सफल होत नाही.

संवाद कोठे खुंटतो? :
एक उदाहरण घेऊ. शिक्षिका मुलास शर्टाचे बटण लावण्यास शिकवीत आहेत. काजातून अर्धे आलेले बटण ओढून घेणे ही शेवटची पायरी त्या प्रथम शिकवितात, जेणेकरून मुलास काम पूर्ण केल्याचा आनंद मिळावा. घरी मात्र शाळेची गाडी चुकू नये म्हणून आईच सर्व बटणे लावते. वहीत शेरा येतो, 'घरी सराव घेतला जात नाही.' मुलाच्या स्थितीबद्दल आधीच स्वतःला दोष देणारी आई तो वाचून पुढील सभेस येण्याचे टाळते. नुकसान मुलाचे होते.

याच ठिकाणी 'सकाळची तयारी कशी होते?' असे विचारले असते, तर सकाळी वेळ नसल्याचे कळले असते आणि संध्याकाळी कपडे बदलताना एकाच बटणाचा सराव सहज ठरला असता.

परिणामकारक संवादाची सूत्रे :
१. प्रथम बालकास काय जमते ते सांगावे, नंतर अडचण मांडावी.
२. 'लक्ष देत नाही' असा शेरा न देता, प्रत्यक्ष दिसलेले वर्तन कालावधीसह नोंदवावे.
३. तांत्रिक संज्ञा टाळून घरातील भाषेत बोलावे. वाचता न येणाऱ्या पालकांशी प्रत्यक्ष भेटून अथवा दूरध्वनीवरून बोलावे.
४. घरचा दिनक्रम विचारल्याशिवाय घरचे काम देऊ नये.
५. प्रत्येक भेटीच्या शेवटी एकच छोटे काम व पुढील भेटीचा दिवस ठरवावा.

समारोप :
शिक्षकाजवळ अध्यापनतंत्र असते, तर पालकांजवळ त्या एका बालकाचा अनेक वर्षांचा अनुभव असतो. हे दोन्ही एकत्र आल्यासच शाळेत शिकलेले कौशल्य बालकाच्या जीवनात उतरते. त्यासाठी शिक्षकाने सांगण्यापूर्वी विचारावे व विचारल्यावर ऐकून घ्यावे, हीच पालक-संवादाची पहिली पायरी होय.