झेल वयाबरोबर कसा पक्का होतो

भातकापणी उरकली की आंदर मावळात टाकवे बुद्रुकपासून खांडीपर्यंत मोकळ्या खाचरांत क्रिकेट रंगतं. चार वर्षांच्या लेकराच्या हातून चेंडू सुटला की मोठी पोरं त्याच्यावर ओरडतात. पण या वयात झेल सुटणं म्हणजे धांदरटपणा नव्हे. झेल पायरीपायरीने येतो.

दोन-अडीच वर्षांचं मूल घरंगळत आलेला चेंडू अडवतं. उडत आलेल्या चेंडूसाठी मात्र हात ताठ धरून उभं राहतं. चेंडू हाताला लागून पडतो, मग हात मिटतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी ते चेंडू छातीशी कवटाळतं. ऐन वेळी मान वळवणं, डोळे मिटणं याच सुमारास दिसतं. पाचव्या-सहाव्या वर्षी कोपरं वाकतात, तळव्यांत चेंडू धरायची धडपड सुरू होते. सात-आठ वर्षांचं मूल सरळ आलेला चेंडू बहुधा बोटांत पकडतं आणि हात किंचित मागे घेऊन त्याचा जोर जिरवतं. धावत जाऊन घेतलेला झेल पक्का व्हायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. ही वयं ढोबळ आहेत. प्रत्येक मुलात मागेपुढे होतं.

इतका वेळ का लागतो? तीन मीटरवरून सेकंदाला सहा मीटर वेगाने टाकलेला चेंडू अर्ध्या सेकंदात पोहोचतो. चेंडू दिसून हात हलायलाच मोठ्या माणसाला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, लहान मुलाला त्याहून जास्त. म्हणून चेंडू कुठे येणार हे आधीच ताडावं लागतं. उंच झेलात तर पायही हलवायचे असतात. त्यामागचं गणित सेव्हिल चॅपमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये मांडलं: चेंडू नजरेत एकसारख्या गतीने वर चढत राहिला तर आपण योग्य जागी आहोत, चढण्याची गती वाढली तर मागे सरकायचं, मंदावली तर पुढे. मुलं हे गणित न शिकता, पुन्हा पुन्हा चेंडू पाहून अंगात मुरवतात.

म्हणजे नुसतं वय वाढून भागत नाही, सराव हवा. अंगणवाडीतल्या मुलाला आधी फुगा द्या. तो सावकाश उतरतो. मग चिंध्यांचा मोठा, भडक रंगाचा चेंडू दोन पावलांवरून, हात खालून आणत, हळू टाका. भीती गेली की अंतर वाढवा, चेंडू लहान करा. सागरगोट्यांचा खेळही हाच अंदाज शिकवतो. टेनिसचा चेंडू त्यानंतर. झेल वारंवार सुटत असेल तर मुलाला रागावू नका. एक पायरी खाली उतरून पुन्हा टाका.