बाटलीवर गावाचं नाव

दारूबंदीच्या बैठकीहून घरी आले, तर नाशिकहून आलेला भाचा वाइनवर बोलत बसलेला! म्हणाला, "मावशी, फ्रान्समध्ये बहुतेक बाटल्यांवर द्राक्षाचं नाही, गावाचं किंवा प्रदेशाचं नाव असतं." बोर्दोची लाल वाइन काबर्ने सोविन्यों, मर्लो या द्राक्षांच्या मिश्रणाची. बरगंडीची लाल पिनो न्वारची, पांढरी शार्दोनेची. शॅम्पेन हे नाव तर त्याच भागातल्या फेसाळ वाइनला. नाशिकला पिकणारं शेनिन ब्लां मूळचं तिकडच्या ल्वार नदीकाठचं.

वाइनला मी काही हात लावायची नाही. दारूनं मोडलेले संसार रोज बघते. पण तिथं गावाच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, हे मनात राहिलं. आपल्या वरुड-मोर्शीची संत्री बाजारात 'नागपुरी' म्हणूनच ओळखली जाते. त्या नावाला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी आमच्या गटातल्या बायका झाडावरचा बहर व्यापाऱ्याला देऊन मोकळ्या होतात. पेटीवर ना त्यांचं नाव, ना गावाचं.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत दारूबंदीसोबत हा विषयही घेणार आहे. निदान पेटीवर गावाचं नाव तरी लिहूया!