वारा, घाट आणि सायकलवरची पाठ

पावसाळा सरला की रविवारी पहाटे जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर, चौक ते खोपोलीच्या पट्ट्यात, सायकलस्वारांचे गटच्या गट दिसू लागतात. पनवेल, ठाणे, नवी मुंबईकडून आलेले असतात, तसे आता कर्जत, नेरळ आणि खोपोलीतलेही असतात. त्यांना पाहून आपणही रोड बाईक घ्यावी असे अनेकांच्या मनात येते. दुकानात गेले की फ्रेम किती हलकी, नळ्या किती चपट्या, चाकाची रिम किती खोल याची माहिती मिळते. मला वाटते, त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. या सायकलवर माझी पाठ किती वाकेल आणि तेवढी वाकवून मी किती वेळ बसू शकेन? सायकल निवडण्याचे निम्मे काम या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की अडथळा चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी ताकद आठपट. या अडथळ्यात सायकलचा वाटा थोडा असतो. साधारण तीन चतुर्थांश अडथळा एकट्या स्वाराच्या शरीराचा, म्हणजे छाती, खांदे, डोके, हात आणि मांड्यांचा असतो. त्यामुळे चपट्या नळ्यांच्या महागड्या फ्रेमवर ताठ बसलेला माणूस साध्या फ्रेमवर नीट वाकलेल्या माणसाच्या मागे पडतो.

हिशेब करून पाहू. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, हवा आपल्याकडची कोमट आणि वेग ताशी ३० किलोमीटर. हात हँडलच्या वरच्या आडव्या भागावर ठेवून जवळपास ताठ बसले, तर हवेसाठी १३० वॅटच्या पुढे ताकद लागते. कोपरे वाकवून आणि खांदे आत घेऊन खाली झुकले, तर तेच काम साधारण १०५ वॅटमध्ये होते. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाचे पस्तीसेक वॅट दोन्हीकडे सारखेच. नियमित सराव असलेला हौशी स्वार तासभर दीडशेच्या आसपास वॅट टिकवतो. त्याच्यासाठी या पंचवीस-तीस वॅटचा फरक म्हणजे गटाबरोबर राहणे किंवा मागे सुटणे. यासाठी पैसा लागत नाही, फक्त बसण्याची सवय लागते.

जगाला हे एका दुपारी पटले. १९८९च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा टप्पा व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरचा होता आणि तो प्रत्येकाने घड्याळाविरुद्ध एकट्याने पार करायचा होता. फ्रान्सचा लोराँ फिन्यों ५० सेकंदांनी पुढे होता. अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने हँडलवर पुढे निघालेल्या दोन दांड्या बसवल्या होत्या. त्यांवर कोपरे टेकवून, हात जवळ घेऊन, डोके खाली घालून तो गेला आणि संपूर्ण शर्यत ८ सेकंदांनी जिंकला. फिन्यों तशा दांड्यांविना, उघड्या डोक्याने, वाऱ्यावर उडणारी शेंडी घेऊन आला होता. त्यानंतर स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीने १९९३ मध्ये हात छातीखाली दुमडून तासाभरात ५१.५९६ किलोमीटर सायकल चालवत विक्रम केला. त्याच्या सायकलमध्ये कपडे धुण्याच्या यंत्राचे सुटे भाग होते. ती बैठक आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने १९९४ मध्ये बंद केली. उतारावर फ्रेमच्या आडव्या नळीवर बसून खाली जाण्याची पद्धतही २०२१ पासून शर्यतींत बंद आहे. नियम करणाऱ्यांनी वारंवार बंदी घातली ती बैठकीवर. वेग कुठून येतो हे त्यावरूनच कळते.

हा सगळा हिशेब खोपोलीत येऊन उलटतो.

खोपोली शहर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. वर लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. मध्ये बोरघाट. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत या घाटाचे महत्त्व असे, की तो सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा वेगळा किताब मिळतो. सहा टक्के चढावर ताशी १० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या आपल्या ८५ किलोच्या जोडीला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १४० वॅट द्यावे लागतात. हवेसाठी लागतात जेमतेम पाच. इथे खाली वाकून वाचतो एखादा वॅट. उलट पोट दाबले जाते, श्वास अपुरा पडतो, मांडी वर येताना अडते. म्हणून चांगले चढणारे स्वार घाटात हात हँडलच्या वर ठेवून छाती मोकळी करून बसतात. इथे एक किलो कमी वजन बैठकीपेक्षा जास्त देते आणि योग्य गिअर त्याहूनही जास्त.

गिअरचे महत्त्व कर्जतकरांना वेगळे सांगायला नको. १८६३ पासून रेल्वे हा घाट चढते आहे. तिच्या चढाचे प्रमाण ३७ फुटांना एक फूट, म्हणजे तीन टक्क्यांहूनही कमी आणि तरी कर्जतला गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. रस्त्याचा चढ त्याच्या दुप्पट आणि स्वाराला मागून ढकलायला कुणी नाही. त्याची जादा इंजिने म्हणजे मागच्या चाकावरच्या मोठ्या चकत्या. पुढे ३४ आणि मागेही ३४ दात असतील, तर मिनिटाला ७० पायडल मारत ताशी नऊ किलोमीटरच्या जवळपास चढता येते. शर्यतीच्या जुन्या धाटणीच्या सायकलवर पुढे ३९ आणि मागे २५ दात असतात. त्याच वेगाला तिथे पायडल मिनिटाला ४५च बसतात, म्हणजे प्रत्येक पायडलला गुडघ्यावर कितीतरी जास्त भार. दुकानात चाकाची चमक पाहण्याआधी मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात मोजावेत. ३२पेक्षा कमी असतील, तर ती सायकल या घाटाजवळ राहणाऱ्यासाठी नाही.

घाट उतरताना हवा पुन्हा जागी होते. सहा टक्के उतारावर पायडल न मारताही ताठ बसलेला स्वार ताशी पन्नासच्या आसपास जातो, वाकलेला साठीला टेकतो. फरक फक्त पाठीचा. म्हणून बोरघाटातल्या शिंग्रोबा मंदिराजवळच्या वळणांवर वेग वाढू लागला की छाती उघडून बसावे, वारा अंगावर घ्यावा. तो फुकटचा ब्रेक आहे. हात मात्र खालच्या वाकड्या हँडलवर, म्हणजे ड्रॉप्सवर असावेत. तिथून ब्रेकची पकड भक्कम मिळते आणि खड्ड्यात हात सुटत नाही. ट्रक, तेल सांडलेले डांबर आणि ओला पाला असलेल्या रस्त्यावर सेकंद वाचवण्यात काहीच अर्थ नाही. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदीच आहे. तो विचार कुणी करू नये.

परतीच्या वाटेवर पुन्हा सपाटी लागते आणि तिथे वारा खरी परीक्षा घेतो. पहाटे शांत असलेली हवा दुपारी समुद्राकडून वाहू लागते. खोपोलीहून पनवेलकडे किंवा कर्जतहून चौककडे निघालेल्याच्या ती तोंडावर येते. ताशी २५ किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून १० किलोमीटरचा वारा लागला, तर अडथळा जवळजवळ दुप्पट होतो. नेमके याच वेळी, घाट करून थकल्यावर, वाकण्याची गरज सर्वाधिक असते. सकाळी दहा मिनिटे झकास वाकणारी पाठ आता तासभर वाकेल का? नाही वाकली, तर सकाळच्या त्या झुकावाचा उपयोग शून्य.

लांब पल्ल्याच्या स्वारांनी हे फार जवळून अनुभवलेले आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण करणाऱ्यांत आहेत. सुमारे ४,८०० किलोमीटरच्या त्या शर्यतीत मानेचे स्नायू थकून डोके उचलताच येत नाही अशी अवस्था काही स्वारांची होते. मायकल शर्मर या स्वाराला १९८३ मध्ये तसे झाले म्हणून तिला त्याचेच नाव पडले. आपल्याकडच्या हौशी स्वारांची पहिली मोठी पायरी २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या सफरीची असते. तिला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी पंधराही पुरतात. तिथे सर्वांत खाली वाकलेला जिंकत नाही, तक्रारीविना बसू शकणारा पोहोचतो.

मग फ्रेम कोणती? प्रत्येक कंपनी फ्रेमचे दोन आकडे देते, स्टॅक आणि रीच. दोन्ही पायडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या अक्षापासून हँडलची नळी किती उंच आहे तो स्टॅक आणि किती पुढे आहे तो रीच. स्टॅकला रीचने भागल्यावर उत्तर दीडच्या पुढे आले, तर फ्रेम आरामाकडे झुकलेली समजावी. १.४च्या जवळ आले तर शर्यतीची. पहिली रोड बाईक घेणाऱ्याने दीडच्या पुढचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. एण्ड्युरन्स नावाने विकल्या जाणाऱ्या सायकली याच गटातल्या. पुढे शरीर सरावले की हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमखालच्या चकत्या काढून हँडल खाली आणता येते. शर्यतीची फ्रेम घेतली, तर हँडल वर न्यायला जागाच उरत नाही आणि मग मनगटे, मान आणि कंबर बोलू लागतात.

हँडलआधी सीट ठरवावी. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, जांघेपासून जमिनीपर्यंतचे माप घ्यावे आणि ०.८८३ने गुणावे. त्याच मधल्या अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत तेवढे अंतर ही सुरुवात. हे गणितही लेमाँडच्याच नावाने ओळखले जाते. माप ८० सेंटिमीटर असेल, तर सीट ७०.६ सेंटिमीटरवर. मग पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बाकी बारकावे बाईक फिट करणाऱ्या जाणकाराकडून करून घ्यावेत. खोल रिमच्या चाकांवर जाणाऱ्या पैशाचा छोटा भाग त्यावर खर्च झाला, तरी वेग अधिक वाढतो.

टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नकोत, ३२ बसत असतील तर उत्तम. कर्जत-कशेळे-खांडस किंवा पळसदरीमार्गे खोपोली हे रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते इथल्यांना माहीत आहे. खरबरीत डांबरावर बारीक, दगडासारखा फुगवलेला टायर हादरे देऊन ताकद खातो आणि हादऱ्यांनी खांदे ताठले की वाकणे संपते. ओल्या घाटासाठी डिस्क ब्रेक असावेत. हुडवर, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून कोपरे काटकोनाजवळ वाकवण्याची सवय लावावी, कारण ही बैठक सरळ हातांनी ड्रॉप्स धरण्याइतकी, कधी त्याहून अधिक हवा कापते आणि डोळे रस्त्यावर राहतात. अंगात घट्ट जर्सी असावी. फडफडणारा विंडचीटर महागड्या फ्रेमची सगळी कमाई घालवतो.

सायकल घेण्याआधी ती मागून घ्या आणि निदान तासभर चालवा. थोडी सपाटी, थोडा चढ, आणि शक्यतो दुपारच्या वाऱ्यात. तासाअखेर कोपरे वाकलेलीच असतील आणि मान दुखत नसेल, तर किंमत कमी असली तरी तीच सायकल घ्या.