गाडीचे वय, माणसाचे वय आणि विम्याचा हप्ता

पोळ्याच्या आधीची गोष्ट आहे. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने छत्रपती संभाजीनगरहून जुनी मोटार विकत आणली. गाडी बारा वर्षांची होती. त्याने नारळ फोडला, गाडीला हळदकुंकू लावले, लेकरांना पेढे वाटले. संध्याकाळी कागदांची पिशवी घेऊन तो माझ्याकडे आला.

“गुरुजी, गाडी झाली म्हातारी आणि चालवणार आमचा धाकटा. दिवाळीनंतर अठरा पुरे होतील त्याला. मग विम्याचा हप्ता कुणाच्या वयावर बसतो? गाडीच्या का पोराच्या?”

प्रश्न साधा दिसतो, पण मोठा आहे. त्याचे उत्तर ठाऊक नसेल तर माणसाची जमीनसुद्धा जाऊ शकते. म्हणून मी त्याला जे सांगितले, तेच तुम्हालाही सांगतो.

विमा म्हणजे काय?

गावात एखाद्याचा गोठा जळाला, तर घरटी पायली-पायली धान्य गोळा होते. प्रत्येकाला थोडे द्यावे लागते आणि बुडणारा माणूस तरतो. विमाही तसाच आहे. फरक इतकाच की, वर्गणी आधीच गोळा करतात आणि हिशेब कंपनी ठेवते. या वर्गणीला हप्ता म्हणतात. ज्याला धोका जास्त, त्याचा हप्ता जास्त, हे विम्याचे मूळ तत्त्व.

मोटारीच्या विम्याचे दोन भाग असतात. ते वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

पहिला भाग : दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा

याला लोक ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपल्या गाडीची धडक बसून कोणी जखमी झाला किंवा दगावला, तर त्याची भरपाई या विम्यातून होते. हा विमा सक्तीचा आहे. आपल्या देशात १९३९ च्या मोटार कायद्याने ही सक्ती आणली आणि ती १९४६ पासून अमलात आली. १९८८ च्या कायद्यानेही ती कायम ठेवली. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणली, तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते.

या भागाचा दर सरकार ठरवते. तो इंजिनाच्या आकारावर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेले वर्षाचे दर असे होते : १,००० सीसीपर्यंतच्या खाजगी मोटारीला २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७ रुपये. कर वेगळा.

आता नीट पाहा. यात ना गाडीचे वय आले, ना माणसाचे. गाडी कोरी असो की बारा वर्षांची, चालवणारा विशीतला असो की साठीतला, दर एकच. “गाडी जुनी झाली, आता कशाला विमा?” असे म्हणणारे लोक इथेच चुकतात. जुन्या गाडीच्या धडकेनेही माणूस मरतोच.

दुसरा भाग : आपल्या गाडीचा विमा

गाडी चोरीला गेली, जळाली, पुरात सापडली किंवा आदळली, तर या भागातून पैसे मिळतात. हा भाग सक्तीचा नाही. इथे मात्र गाडीचे वय पाहतात.

बैल म्हातारा झाला की बाजारात त्याची किंमत उतरते. गाडीचेही तसेच आहे. विम्यासाठी गाडीची जी किंमत धरतात, तिला ‘आयडीव्ही’ म्हणतात. ती अशी उतरते : पहिल्या सहा महिन्यांत शंभरातले ५ रुपये कमी, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांच्या पुढे मालक आणि कंपनी मिळून किंमत ठरवतात.

समजा, गाडीची किंमत पाच लाख आहे. नवी असताना ती पावणेपाच लाख धरतात. साडेचार वर्षांनी अडीच लाखच धरतात. किंमत उतरली की हप्ताही उतरतो.

पण यात एक मेख आहे. गाडी जुनी झाली की शेकडा दर थोडा चढतो, कारण जुन्या गाडीत बिघाड जास्त. पूर्वीच्या सरकारी दरपत्रकात लहान मोटारीला आपल्या भागात शेकडा दर असा होता : पाच वर्षांपर्यंत ३ रुपये ४ पैसे, दहापर्यंत ३ रुपये १९ पैसे, पुढे ३ रुपये २७ पैसे. २००७ पासून कंपन्यांना या भागाचे दर ठरवण्याची मोकळीक मिळाली. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारून मगच पैसे भरावेत.

आणखी एक गोष्ट. दुरुस्तीच्या वेळी नवा पत्रा घातला, तरी कंपनी जुन्या गाडीला पुरे पैसे देत नाही. गाडी दहा वर्षांहून जुनी असेल, तर साध्या पॉलिसीत लोखंडी भागाची निम्मी किंमत मालकाला सोसावी लागते.

वर्षभर भरपाई मागितली नाही, तर पुढच्या वर्षी या भागाच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षानंतर शेकडा २०, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट मालकाची असते, गाडीची नव्हे. जुनी गाडी घेणाऱ्याला आधीच्या मालकाची सूट मिळत नाही.

माणसाच्या वयाचे काय?

इंग्लंड-अमेरिकेत चालकाचे वय पाहतात. तिकडे अठरा-वीस वर्षांच्या पोराला फार मोठा हप्ता पडतो, कारण त्या वयात अपघात जास्त होतात. पंचविशीनंतर हप्ता साधारण उतरतो आणि सत्तरीच्या पुढे पुन्हा चढू लागतो.

आपल्याकडे विमा गाडीभोवती बांधलेला आहे. सक्तीच्या भागात चालकाच्या वयाचा दर नाही. पण म्हणून वय मोजतच नाहीत असे समजू नका. हप्त्यात नाही, तर कायद्यात मोजतात. मोटार चालवायला अठरा वर्षे पुरी झालेली हवीत आणि हातात लायसन हवे. चाळिशीनंतर लायसनासाठी डॉक्टरचा दाखला लागतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली आणि गुन्हा घडला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही.

शिवाय विम्याचे कवच फाटते. मालकाने जाणूनबुजून बिनलायसनच्या हाती गाडी दिली, तर जखमीला भरपाई आधी कंपनीकडून देववतात, पण मग कंपनी ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला आहे. अशी रक्कम लाखांत जाते. ती कुठून आणणार? शेवटी शेताकडेच बोट जाते.

एवढे ऐकल्यावर शेजारी गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे गुरुजी, हप्ता गाडीच्या वयावर, आणि जोखीम पोराच्या वयावर!”

मी म्हणालो, “बरोबर समजलात.”

मी त्याचे कागद पाहिले. विमा अजून आधीच्या मालकाच्या नावावर होता. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो. नाहीतर आपल्याच गाडीची नुकसानभरपाई मागताना अडचण येते. दुसऱ्या दिवशी तो एसटीने शहरात गेला आणि अर्ज देऊन आला. गाडीची किल्ली त्याने देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला अडकवली.

धाकटा दोन दिवस रुसला होता. पण दिवाळी झाली, अठरा पुरे झाले आणि तो स्वतःच शिकाऊ लायसनचा अर्ज भरून घेण्यासाठी माझ्याकडे आला.

लक्षात ठेवा :

१. जुन्या गाडीलाही थर्ड पार्टी विमा हवाच.
२. जुनी गाडी घेतली की चौदा दिवसांत विम्याचा अर्ज द्या.
३. विम्याची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते.
४. अठरा पुरे आणि लायसन हाती, तेव्हाच किल्ली हाती.