परत आलेल्यांना विचारा, न गेलेल्यांनाही विचारा

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकी लष्कराचे ट्रक, यंत्रसामग्री आणि इतर साहित्य जगभर ठिकठिकाणी पडून होते. ते मायदेशी न्यायचे तर खर्च भारी, आणि ज्या देशांत ते पडले होते त्यांच्याकडे विकत घ्यायला डॉलर नव्हते. आर्कान्सॉचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी तोडगा काढला: त्या देशांनी आपापल्या चलनात पैसे मोजावेत आणि ते विद्यार्थी-संशोधकांच्या देवाणघेवाणीवर खर्च व्हावेत. १ ऑगस्ट १९४६ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी त्या कायद्यावर सही केली. भारताशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५० रोजी. २००८च्या नव्या करारानंतर भारत सरकारही बरोबरीचा वाटा उचलू लागले आणि शिष्यवृत्तीचे नाव फुलब्राइट-नेहरू झाले.

सरकारी पैसा म्हटला की हिशेब आलाच. किती माणसे पाठवली आणि किती खर्च झाला, हे कारकूनही सांगू शकतो. पंचाईत पुढे आहे. १९६१च्या अमेरिकी कायद्याने या कार्यक्रमांचा हेतू सांगितला आहे तो ‘परस्पर सामंजस्य वाढवणे’ असा. हे सामंजस्य मोजायचे कशाने? १९९३मध्ये अमेरिकेत आणखी एक कायदा झाला आणि प्रत्येक सरकारी खात्याला खर्चाबरोबर परिणामही दाखवणे भाग पडले. मग सगळ्यात हाताशी असलेले साधन पुढे आले: सहभागी झालेल्यांनाच प्रश्नावली पाठवायची.

प्रश्नावलीचे रूप ठरलेले असते. ‘या कार्यक्रमामुळे यजमान देशाबद्दलची तुमची समज वाढली का?’ खाली पाच पर्याय, ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंत. उत्तरे बहुतेक वेळा इतकी गोड येतात की अहवाल लिहिणाऱ्याला चिंताच नको. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या पाहुण्याला यजमानाने दारात गाठून ‘जेवण कसे झाले?’ म्हणून विचारावे, तसाच हा प्रकार. विमानाचे तिकीट, राहण्या-जेवणाचा खर्च आणि वर भत्ता ज्याने दिला, तोच मत विचारतो आहे. शिवाय अनुभव खरोखरच चांगला असतो. म्हणजे कोणी खोटे बोलत नाही, पण कळतही काही नाही.

प्रशिक्षणाच्या मूल्यमापनात डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची चार पायऱ्यांची मांडणी १९५९पासून वापरात आहे: आवडले का, शिकलात का, वागणे बदलले का, आणि त्यातून पुढे काही घडले का. बहुतेक सर्वेक्षणे पहिल्या पायरीवर पाय रोवून चौथीच्या गोष्टी सांगतात.

खरी मेख मात्र उत्तरांपेक्षा उत्तर देणाऱ्यांत आहे. युरोपच्या इरॅस्मस योजनेचे उदाहरण घ्या. १९८७मध्ये सुरू झालेल्या या योजनेने लाखो विद्यार्थ्यांना एखादे सत्र दुसऱ्या देशात शिकायला पाठवले. २०१४मध्ये युरोपीय आयोगाने तिच्या परिणामांचा मोठा अहवाल काढला. पदवीनंतर पाच वर्षांनी या विद्यार्थ्यांमधले बेरोजगारीचे प्रमाण इतरांपेक्षा २३ टक्क्यांनी कमी होते. सुमारे २७ टक्के जणांनी आयुष्याचा जोडीदार परदेशातल्या त्या मुक्कामातच भेटल्याचे सांगितले आणि त्यावरून आयोगाने इरॅस्मस जोडप्यांची दहा लाख मुले असावीत असा अंदाजही बांधला. वर्तमानपत्रांनी अर्थातच मुले उचलली, बेरोजगारी आतल्या पानावर गेली. पण तो २३ टक्क्यांचा आकडा इरॅस्मसने घडवला की इरॅस्मसला जाणाऱ्या मुलांनी? आईवडील शिकलेले, घरची परिस्थिती बरी, एखादी परकी भाषा आधीच येते, स्वभाव धाडसी: असे विद्यार्थीच अर्ज करतात. ते घरी बसले असते तरी त्यांना नोकऱ्या लागल्याच असत्या, ही शंका काढून टाकायची कशी?

इमॅन्युएल सिगालास यांनी यावर साधा पण कष्टाचा उपाय केला. त्यांनी विद्यार्थ्यांना जाण्यापूर्वी विचारले, परतताना पुन्हा विचारले आणि कुठेही न गेलेल्या विद्यार्थ्यांनाही तेच प्रश्न दिले. २०१०मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला: परदेशातल्या सत्रामुळे ‘मी युरोपीय आहे’ ही भावना बळावल्याचे दिसत नाही. पुढच्याच वर्षी इयन विल्सन यांनीही तसेच मांडले. जाणारे मुळातच युरोपच्या बाजूचे असतात, परततात तेव्हाही तसेच असतात. नंतरच्या काही अभ्यासांत उलट, म्हणजे अनुकूल परिणामही आढळले, त्यामुळे वाद मिटलेला नाही. पण केवळ परतलेल्यांना विचारून काढलेल्या निष्कर्षावर जाणकारांनी विसंबणे सोडले, हा मोठाच फायदा.

अमेरिकेच्या ‘इंटरनॅशनल व्हिजिटर लीडरशिप’ कार्यक्रमाबद्दल नेहमी अभिमानाने सांगितले जाते की त्याचे पाचशेहून अधिक पाहुणे पुढे राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख झाले. या कार्यक्रमाला अर्ज करता येत नाही. वकिलातीच नावे निवडतात, आणि निवडतात ती पुढे जाण्याची चिन्हे दिसणारी माणसे. पंतप्रधान होण्याजोगी माणसे हेरायची आणि मग ती पंतप्रधान झाली याचे श्रेय तीन आठवड्यांच्या दौऱ्याला द्यायचे, हे मला पटत नाही. वकिलातीची नजर चांगली आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते.

आधी आणि नंतर विचारले की प्रश्न सुटला, असेही नाही. १९७९मध्ये जॉर्ज हॉवर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी हवाई दलातल्या एका प्रशिक्षणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांचा हेकटपणा कमी करण्यासाठी ते प्रशिक्षण होते. प्रशिक्षणानंतर पाहावे तर लोकांनी स्वतःला आधीपेक्षा जास्त हेकट ठरवलेले! मुलाखती घेतल्यावर उलगडा झाला. आपण किती हेकट आहोत हे त्यांना आधी उमगलेच नव्हते, प्रशिक्षणात ते उमगले. माणूस तोच, पण स्वतःला मोजण्याची पट्टी बदलली. परदेशी जाणाऱ्याचेही असेच होते. मुंबईहून निघताना जो ‘मला अमेरिका चांगली माहीत आहे’वर खूण करतो, तोच एखाद्या छोट्या गावातल्या कॉलेजात वर्ष काढून आल्यावर ‘थोडीफार’वर करतो. संगणक याची नोंद घसरण म्हणून घेणार. म्हणून आता परतलेल्याला दोन प्रश्न एकदमच विचारण्याची पद्धत आहे: आज तुम्ही कुठे आहात, आणि मागे वळून पाहता तेव्हा कुठे होतात? यात आठवणीचा दगाफटका आहेच, पण पट्टी तरी एकच राहते.

विचारायचे कधी, हाही पेच आहे. नॉर्वेचे स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत जाऊन आलेल्या सुमारे २०० नॉर्वेजियन फुलब्राइट फेलोंच्या मुलाखतींवरून १९५५मध्ये एक निबंध लिहिला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले तिथे रुळले होते, मधला काळ राहिलेले मात्र अस्वस्थ होते. आलेखावर काढले तर मधे खड्डा दिसतो. ‘कल्चर शॉक’च्या पुस्तिकांतून हा खड्डा आजही विद्यार्थ्यांच्या माथी मारला जातो. गंमत अशी की लिसगार्ड यांनी एकाच माणसाचा वर्षभर मागोवा घेतला नव्हता. कमी-जास्त काळ राहिलेल्या वेगवेगळ्या माणसांची तुलना केली होती. पुढच्या संशोधकांना हा आलेख भक्कम पुराव्याने उभा करता आलेला नाही.

मुंबईचाही या अभ्यासांत वाटा आहे, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. जॉन आणि रूथ यूसीम या समाजशास्त्रज्ञ दांपत्याने पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या मुंबई राज्यात येऊन इंग्लंड-अमेरिकेत शिकून परतलेल्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. परदेशात शिकलेली तंत्रे इथे किती वापरायला मिळाली यापेक्षा आत्मविश्वास, कामाची शिस्त आणि विचार करण्याची रीत यांत झालेला बदल लोकांना जास्त मोलाचा वाटत होता. यूसीम यांचे पुस्तक १९५५चे आहे. पाच पर्यायांच्या प्रश्नावलीत हे सापडले नसते, कारण तो प्रश्न कुणी छापलाच नसता. पुढच्याच वर्षी लॅम्बर्ट आणि ब्रेसलर यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मोजक्या भारतीय विद्यार्थ्यांवर पुस्तक लिहिले. अमेरिकी लोक भारताला काय समजतात, यावर या विद्यार्थ्यांचे अमेरिकेबद्दलचे मत ठरत होते. जातीबद्दल, गरिबीबद्दल कुणी खोचक प्रश्न विचारला की मन आंबलेच!

मग विश्वासार्ह उत्तर मिळते कुठे? जिथे सोडत असते तिथे. २००६च्या हजला सरकारी कोट्यातून जाण्यासाठी पाकिस्तानात सोडत निघाली, आपल्याकडे हज समिती काढते तशीच. क्लिंगिंगस्मिथ, ख्वाजा आणि मायकेल क्रेमर या अर्थतज्ज्ञांनी नाव लागलेले आणि न लागलेले अशा दोन्ही गटांतल्या मिळून १,६००हून अधिक अर्जदारांचे सर्वेक्षण केले. (क्रेमर म्हणजे पुढे अभिजित बॅनर्जी यांच्याबरोबर नोबेल मिळालेले.) इच्छा दोघांची सारखीच, फरक फक्त नशिबाचा. जाऊन आलेल्यांमध्ये इतर पंथांच्या आणि धर्मांच्या लोकांविषयी सलोख्याची भावना अधिक दिसली आणि मुलींच्या शिक्षणाला पाठिंबाही. जगभरच्या माणसांत मिसळल्याने दृष्टी बदलते, याचा इतका स्वच्छ पुरावा शिष्यवृत्त्यांच्या सर्वेक्षणांत क्वचितच मिळतो.

शिष्यवृत्त्या सोडतीने वाटाव्यात असे कुणी म्हणणार नाही. पण प्रत्येक निवडीत एक प्रतीक्षायादी असते. यादीत शेवटचे नाव लागलेला आणि थोडक्यात हुकलेला यांच्यात गुणांचा फरक नगण्य असतो. या दोघांना पाच वर्षांनी, दहा वर्षांनी तेच प्रश्न विचारले तर शिष्यवृत्तीने काय केले ते बऱ्यापैकी कळेल. प्रश्नही बदलायला हवेत. ‘तुमचे मत अनुकूल झाले का?’ याऐवजी ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही यजमान देशातल्या किती जणांशी बोललात? त्यातून एखादे संशोधन, करार, भेट असे काही ठरले का?’ असे विचारावे. भावना फुगवून सांगता येतात, फोन किती केले ते सांगताना माणूस जरा थांबून आठवतो.

हे सगळे महाग आणि वेळखाऊ आहे. न गेलेल्यांचे पत्ते ठेवायला कुठल्याच कार्यालयाला हौस नसते आणि दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष येईपर्यंत मंत्री बदललेला असतो. २०२५मध्ये अमेरिकी सरकारने पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात या देवाणघेवाणीचा बहुतेक निधी कापण्याचा प्रस्ताव मांडला. वर्षानुवर्षे जमवलेल्या ‘पूर्ण सहमत’च्या खुणा त्या प्रस्तावाच्या आड आल्या नाहीत. भक्कम पुरावा असता तरी आला असता का, हे सांगता येत नाही. पण बाजू मांडणाऱ्यांच्या हातात निदान काही असते.

आज मराठी घरांतून फुलब्राइट, ब्रिटनची चेव्हनिंग किंवा इरॅस्मस शिष्यवृत्तीवर जाऊन आलेली मुले-मुली काही कमी नाहीत. अशी प्रश्नावली मेलमध्ये आली तर ती भरा, आणि काही खटकले असेल तर तेही लिहा. गोड उत्तरे त्यांच्याकडे भरपूर आहेत. ज्यांची निवड हुकली त्यांना अशी मेल आली तर त्यांनी ती मुळीच डिलीट करू नये.